हात सिस्टरचे, सही सरांची

डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक. या पाच जणांनी जन्मभर एकाच रुग्णाभोवती काम करायचं असतं. म्हणून शिकण्याच्या वयात त्यांना एकमेकांची तोंडंही दिसू नयेत, अशी चोख व्यवस्था आपण करून ठेवली आहे. इमारती वेगळ्या, वसतिगृहं वेगळी, ग्रंथालयं वेगळी, गॅदरिंगसुद्धा वेगळं. दिल्लीत बसलेले कायदेही वेगळे. नर्सिंगचा १९४७ चा, मग त्याच्या जागी आणलेला २०२३ चा. फार्मसीचा १९४८ चा. डॉक्टरांचा २०१९ चा. आणि उरलेल्या सगळ्यांना एका सतरंजीवर बसवणारा २०२१ चा.

कर्नाटकात यातल्या बहुतेकांच्या पदवीवर शिक्का एकाच विद्यापीठाचा असतो, बंगळूरच्या जयनगरातल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. ते १९९६ चं. आपल्याकडे १९९८ पासून नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. शिक्का एक, कुलगुरू एक, पदवीदानाचा झगासुद्धा एकाच शिंप्याकडचा. एकत्र तास किती झाले, ते मात्र विचारू नका.

मग एके दिवशी पदव्या हातात पडतात आणि पहिल्याच नाइट ड्यूटीला या मंडळींना सांगितलं जातं, "चला, आता टीम म्हणून कामाला लागा." टीम म्हणून? कोणाबरोबर? त्या समोरच्या इमारतीतल्यांबरोबर?

बरं, रुग्णालयात नात्यागोत्यांची काही कमी नाही. सिस्टर आहे, ब्रदर आहे, मावशी आहे, मामा आहे. बंगळुरात गेलात तर अक्का आणि अण्णाही भेटतात. एवढं गोकुळ भरलेलं असताना रुग्णाची फाइल मात्र मुकी असते. डॉक्टरने काय लिहिलं ते नर्सला लागत नाही, नर्सने काय लिहिलं ते डॉक्टर वाचत नाही.

* * *

कागदावर सगळं ठीकठाक आहे, हे आधीच सांगून टाकतो. कागदावर आपण कधीच कमी पडलेलो नाही.

२०१९ पासून एमबीबीएसला नवा, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. भावी डॉक्टरने कोणकोणत्या भूमिका पार पाडायच्या, त्या पाच भूमिका त्यात लिहून दिल्या आहेत. त्यातली एक अशी की, तो आरोग्यसेवेच्या टीमचा नेता आणि सदस्य असेल. आधी नेता, मग सदस्य. पोरांनी वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर पेन्सिलने खूण केली आणि उरलेलं अर्धं ऑप्शनला टाकलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली अशा एकत्र शिकण्याची व्याख्याही करून दिली आहे. दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकतात, तेव्हा ते आंतरव्यावसायिक शिक्षण. त्याच वर्षी 'लॅन्सेट' या नियतकालिकाने जगभरातल्या तज्ज्ञांचा आयोग बसवला होता. त्याने आरोग्य-व्यवसायांच्या शिक्षणाला लागलेल्या रोगाचं नावच सांगून टाकलं: टोळीवाद. आपल्याकडे या रोगाला परंपरा म्हणतात, आणि परंपरेवर उपचार करायचा नसतो. तिचा सत्कार करायचा असतो.

तो सत्कार कसा होतो, हे कुठल्याही कॉलेजातल्या 'टीमवर्क' कार्यशाळेत पाहून घ्यावं. व्यासपीठावर सात खुर्च्या, साती खुर्च्यांवर डॉक्टर. सभागृह रिकामं दिसू नये म्हणून नर्सिंगच्या मुलींना गणवेशात आणून मागच्या रांगा भरलेल्या. त्यांच्यापैकी चौघी स्वागतगीताला, दोघी पुष्पगुच्छांच्या तबकाला. त्यानंतर 'आरोग्यसेवेत प्रत्येकाचा आवाज महत्त्वाचा' या विषयावर दीड तासाचं बीजभाषण. प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही. जेवणाची सोय मात्र उत्तम. डॉक्टरांची वर, बाकीच्यांची खाली.

* * *

आता बंगळूर, कारण टीमचा खरा कस लागतो तो रुग्ण दूर असताना. दूरवर बसून रुग्ण तपासण्याच्या गोष्टीत या शहराचा मान मोठा आहे. तशी देशातली पहिली गाजलेली घटना आंध्रातल्या अरगोंडा गावची. मार्च २००० मध्ये बिल क्लिंटन भारतात आले तेव्हा तिथल्या टेलिमेडिसिन केंद्राचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं होतं. पण उपग्रहाची खरी मालकी बंगळूरची. २००१ पासून इस्रोने टेलिमेडिसिनचे प्रायोगिक प्रकल्प सुरू केले. चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयातला हृदयरोगी आणि बंगळूरच्या नारायण हृदयालयातला तज्ज्ञ असे एकमेकांसमोर आले. आणि ज्या शहरात हेब्बाळहून सिल्क बोर्डला पोचेपर्यंत सौम्य दुखणी आपोआप बरी होतात आणि गंभीर हाताबाहेर जातात, त्या शहराने दूरवरून तपासण्याचं शास्त्र मनावर घ्यावं, यात नवल नाही.

त्या काळच्या सिग्नलचा प्रवास बघा. जमिनीवरून निघून छत्तीस हजार किलोमीटर वर, तितकाच परत खाली. एवढं अंतर आपण निमिषात कापलं. कॉटच्या या बाजूचा डॉक्टर आणि त्या बाजूची नर्स यांच्यात तीन फूट असतात. तिथे इस्रोचाही इलाज चालेना.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ई-संजीवनी आली. सी-डॅकच्या मोहालीच्या केंद्राने बनवलेली. गावच्या उपकेंद्रातून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायचं. २५ मार्च २०२० ला, म्हणजे ज्या दिवशी अख्खा देश घरात बसला त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. वर्षानुवर्षं 'अभ्यास चालू आहे' म्हणून पडून राहिलेलं काम एका विषाणूने मार्गी लावलं. आपल्याकडे फाइल हलवायला वशिला लागतो. हा सगळ्यांत मोठा वशिला होता.

* * *

आता प्रत्यक्ष कॉल. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातलं एखादं उपकेंद्र डोळ्यांसमोर आणा. खुर्चीत साठी उलटलेली आजी. शेजारी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, शिक्षणाने नर्स. दाराशी आशाताई. पडद्यावर डॉक्टर, तरुण, नुकताच पास झालेला.

"पायावर सूज आहे का?"

"आहे सर."

"पिटिंग आहे?"

खरा पेपर इथे सुरू होतो. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरायचा, मनात आकडे मोजायचे, अंगठा उचलायचा आणि खळगा राहतो का ते बघायचं. मग हेच घोट्यापाशी, मग गुडघ्याच्या खाली, खळगा कुठपर्यंत पडतो त्याचा अंदाज येईपर्यंत. उजेड मागून आला तर कॅमेऱ्यात काही दिसत नाही, म्हणून आजीची खुर्ची खिडकीकडे वळवायची. हे सारं सीएचओ करते. डॉक्टरला फक्त "पिटिंग आहे?" एवढंच विचारता येतं. तिने उलट विचारलं, "सर, किती वेळ दाबून धरू? दोन्ही पाय बघू का?" की सरांची तारांबळ. कारण स्वतःचा अंगठा त्याने आजवर सवयीने चालवला आहे. दुसऱ्याच्या अंगठ्याला नीट सूचना द्यायला त्याला कुणीच शिकवलेलं नाही. आणि त्या अंगठ्याने सांगितलेलं ऐकून घ्यायला तर त्याहूनही नाही.

पुढे ऐका. आजीची रक्तदाबाची गोळी महिन्यापूर्वीच्या शिबिरात दुप्पट केली आणि त्यानंतर पाय सुजायला लागले, हे आशाताईला ठाऊक आहे. ती दाराशी उभी आहे. तिला विचारायचं कुणाला सुचत नाही. त्या गोळीतल्या अम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात, हे फार्मासिस्टला ठाऊक आहे. तो या कॉलवर नाहीच. गोळ्या मोजायला त्याला ठेवलाय, बोलायला थोडाच? डॉक्टरला सूज दिसली, त्याने सुजेवर लघवीची गोळी लिहिली. औषधाने आलेल्या दुखण्यावर दुसरं औषध. पुढच्या महिन्यात आजीला चक्कर येईल, मग चकरेवर तिसरं.

तीन डोक्यांत माहितीचे तीन तुकडे होते. कॉल संपला तेव्हाही ते तीन डोक्यांतच होते. खाली सही सरांची. हात सिस्टरचे.

भाषेचा तर वेगळाच कारभार. आजी मराठी, डॉक्टर कन्नड, प्रिस्क्रिप्शन इंग्रजी. मधला दुभाषीपणा सीएचओकडे, बिनपगारी. आजी म्हणते, "ठणकत नाही हो, नुसती चमक येते आणि जीव घाबरा होतो." यातली चमक कुठली, घाबरा किती, पायाची तक्रार कुठे संपली आणि काळजाची कुठे सुरू झाली, हे तिला दहा सेकंदांत दुसऱ्या भाषेत सांगायचं असतं. सूक्ष्म निदानाचं काम तिथेच अर्धं उरकतं किंवा अर्धं बिघडतं. नर्सिंगच्या परीक्षेत याला गुण नाहीत. एमबीबीएसच्या परीक्षेत तर ही बाई अस्तित्वातच नाही.

* * *

सगळंच काही निराशाजनक नाही. बंगळुरातच होसूर रस्त्यावर एक संस्था आहे, तिने हा गुंता बऱ्यापैकी आधी ओळखला. निम्हान्स. म्हैसूर सरकारचं जुनं मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून १९७४ साली ती उभी राहिली.

मनाच्या आजारात एकट्या डॉक्टरचं भागत नाही. गोळी मानसोपचारतज्ज्ञ देतो, बोलतं मानसशास्त्रज्ञ करतो, घरात काय शिजतंय ते सामाजिक कार्यकर्ता शोधतो आणि रात्री अडीचला रुग्ण उठून बसतो तेव्हा जागी असते ती नर्स. निम्हान्समध्ये हे चारही एकाच आवारात शिकतात. १९८५ ते १९९० या काळात संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि खेडोपाडी फिरणारे आरोग्य कर्मचारी यांनाच तयार करायचं आणि जिल्ह्याचे रुग्ण जिल्ह्यातच बघायचे. तो इतका पटला की १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच नमुन्यावर निघाला.

पुढचा धागा आपल्या पुण्यातून जातो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, एएफएमसीत, शिकलेले संजीव अरोरा अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात यकृताचे तज्ज्ञ झाले. हेपेटायटिस सीचे रुग्ण शेकडो मैलांवर आणि तज्ज्ञ एका शहरात. २००३ साली त्यांनी 'एको' सुरू केलं. रुग्णाला शहरात ओढून आणण्याऐवजी गावच्या डॉक्टरला आठवड्याच्या ठरल्या वेळी व्हिडिओवर बोलवायचं, त्याचाच रुग्ण सगळ्यांपुढे मांडायचा आणि सगळ्यांनी मिळून डोकं चालवायचं. गावच्या डॉक्टरांनी असे उपचार केलेले रुग्ण विद्यापीठातल्या रुग्णांइतकेच बरे होतात, हे २०११ साली छापून आलं. आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली: मग विद्यापीठातल्या तज्ज्ञाने काय करायचं?

निम्हान्सने २०१४ मध्ये हा नमुना बंगळुरात आणला. व्यसनमुक्तीपासून सुरुवात झाली, पुढे छत्तीसगढ, बिहारचे डॉक्टर जोडले गेले. याच्या बैठकीत बघण्यासारखी गोष्ट एकच, बोलण्याचा क्रम. दूरच्या केंद्रातला माणूस आपली केस मांडतो, रुग्णाचं नाव न घेता. मग प्रश्न विचारतात ते त्याच्यासारखेच दूरच्या केंद्रातले. सर्वज्ञ मंडळी शेवटी. आपल्या वॉर्डात हा क्रम लावून बघा. सर शेवटी बोलणार म्हटल्यावर राउंड सुरूच होणार नाही.

प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवण्याची त्यांची आणखी एक पद्धत आहे. डॉक्टर आपल्या ओपीडीत आपलेच, सर्दीखोकल्याचे, पाठदुखीचे रुग्ण तपासत असतो आणि मानसोपचारतज्ज्ञ पडद्यावरून त्याच्या शेजारी बसलेला असतो. पाठदुखीच्या मागे उदासीनता आहे का, हे कसं विचारायचं, ते तिथल्या तिथे. व्याख्यान नाही, स्लाइड नाही. रुग्ण खरा, वेळ खरी, घामही खरा.

मग १० ऑक्टोबर २०२२ ला टेलि-मानस आलं. १४४१६ हा नंबर फिरवा, तुमच्या भाषेत कुणीतरी बोलेल. शिखर संस्था निम्हान्स, तंत्रज्ञान बंगळूरच्याच आयआयआयटीचं. यातही उतरंड उलटी आहे. पहिला फोन समुपदेशक घेतो. त्याला वाटलं तर तज्ज्ञ. म्हणजे रात्री जीव द्यायला निघालेल्या माणसाशी पहिलं वाक्य कोण बोलणार, तर ज्याचं नाव दारावरच्या पाटीत सर्वांत खाली असतं तो. त्याचं ते वाक्य चुकलं, तर वरच्या सगळ्या पदव्या फोन ठेवल्याच्या आवाजाला उपयोगी नाहीत.

* * *

आता कुणी म्हणेल, हे काम करणाऱ्यांचं झालं; विद्यार्थ्यांना यात कशाला ओढता? तर त्यांनाच ओढायचं. कारण पडद्यावर जे दिसतं ते वॉर्डात दिसत नाही.

वॉर्डातली मिरवणूक आठवा. पुढे सर, त्यांच्यामागे निवासी डॉक्टर ज्येष्ठतेच्या क्रमाने, मग इंटर्न, मग विद्यार्थी आणि सर्वांत मागे फाइलींचा गठ्ठा धरलेली सिस्टर. तिला काही सांगायचं असेल तर ते सहा पाठींमधून पुढे जायला हवं. व्हिडिओ कॉलवर सगळ्यांच्या चौकटी एकाच मापाच्या. सरांचीही तेवढीच, फिजिओच्या मुलीचीही तेवढीच. उलट रुग्णाजवळ बसलेली नर्स सगळ्यांत मोठी, कारण रुग्ण तिच्या चौकटीत आहे. म्यूटचं बटण मात्र तेवढं जपून वापरायला हवं. वॉर्डात ते पहिल्यापासूनच होतं, फक्त दिसत नव्हतं.

तेव्हा धडा सोपा आहे. पाच शाखांचे पाच विद्यार्थी घ्या. रुग्णाची भूमिका करणारा एक माणूस दुसऱ्या खोलीत बसवा, त्याच्याजवळ नर्सिंगची मुलगी. बाकी चौघे पडद्यावर, चार वेगळ्या खोल्यांत. वीस मिनिटं द्या आणि सगळं रेकॉर्ड करा. नंतर त्या पाचांनाच बसवून दाखवा. कोण किती वेळ बोललं? कोणी कोणाचं वाक्य तोडलं? फार्मसीचा मुलगा तीनदा तोंड उघडून गप्प बसला, ते कुणाच्या लक्षात आलं का? डॉक्टर होणाऱ्या पोराने "बीपी घ्या" म्हटल्यावर किती आला ते पुन्हा बोलून खात्री केली, की तो आकडा हवेत गेला? पुढच्या वेळी अदलाबदल करा. एमबीबीएसवाला रुग्णाजवळ, हातात बीपीचा पट्टा, आणि सूचना देणारी नर्सिंगची मुलगी. "पट्टा कोपराच्या वर बांधा. अजून वर. नाही, नळी आतल्या बाजूला. पेशंटला बोलू देऊ नका." पाच मिनिटांत त्या पोराला जे कळेल, ते नीतिमूल्यांच्या मॉड्यूलमध्ये पाच वर्षांत कळत नाही.

माहिती कशी द्यायची, त्याचेही साचे तयार आहेत. परिस्थिती काय, मागचं काय, मला काय वाटतं आणि आता काय करावं. या चार पायऱ्यांत फोनवर निरोप द्यायची 'एसबार' नावाची पद्धत अमेरिकेच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली. तिसरी पायरी बघा. मला काय वाटतं. नर्सला काय वाटतं, हे विचारायला पाणबुडीतून शिकून यावं लागलं. जमिनीवर कुणाला सुचलं नव्हतं.

* * *

हरकती येतील. पहिली हरकत नेहमीची, वेळापत्रक जुळत नाही. खरं आहे. मंगळयान मंगळाला नेऊन पोचवायचं वेळापत्रक इस्रोने जुळवलं. पण नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या आणि मेडिकलचे डीन यांना गुरुवारी दुपारी दोन ते चार एकत्र मोकळं करणं, हे अजून विज्ञानाच्या आवाक्यात आलेलं नाही.

दुसरी हरकत मात्र गंभीर आहे, तिची टिंगल करणार नाही. कायदा. २०२० ची तत्त्वं नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. सल्ल्याची जबाबदारी डॉक्टरची, खटला भरला तर प्रतिवादी डॉक्टर. त्यामुळे तो म्हणतो, चुकलं तर मान माझी, मग शब्दही माझाच. त्याचं चूक नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नवे नियम आले, त्यात टेलिमेडिसिनही होतं. महिना उलटायच्या आत ते स्थगित झाले. नियम करणाऱ्यांनाच जिथे खात्री नाही तिथे पंचविशीतल्या पोराने काय करावं?

पण टीम म्हणजे मतदान नव्हे. आजीला कुठली गोळी द्यायची यावर हात वर करून ठराव करायचा नाही. सही डॉक्टरचीच राहू दे. सही करण्याआधी खोलीत असलेली सगळी माहिती त्या कागदापर्यंत पोचली का, एवढाच प्रश्न आहे. ज्याची मान अडकणार, त्यालाच याची सर्वांत जास्त गरज. अम्लोडिपिनची आठवण वेळेवर करून देणारा फार्मासिस्ट म्हणजे कनिष्ठाची आगाऊगिरी नव्हे. फुकट मिळालेला वकील म्हणा.

तिसरी हरकत सांस्कृतिक: अहो, आपल्याकडे हे चालत नाही, नर्स पुढे बोलायला लागली तर शिस्त कशी राहील? यांनी जामखेडला एकदा जाऊन यावं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. धड शाळा न पाहिलेल्या गावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं, त्यांच्या तोंडून गावाचं आरोग्य ऐकलं आणि मग डॉक्टरी केली. १९७९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशोदेशीचे डॉक्टर तिथे शिकायला आले, आणि त्यांना शिकवायला याच बायका उभ्या राहिल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाला घरीच वाचवायला गावच्या बाईच्या हातात इंजेक्शन दिलं. ते निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तेव्हा तिथे ना उपग्रह, ना ब्रॉडबँड, ना पडदा. फक्त एक माणूस बोलायचा आणि दुसरा ऐकायचा.

आज बंगळुरात ब्रॉडबँड आहे, उपग्रह आहे, संगणक शिकलेली पोरं तर पावलापावलाला आहेत. ऐकणाऱ्याचीच काय ती भरती बाकी आहे.

* * *

आता उपाय. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, पण परीक्षार्थी जमात जवळून ओळखतो. आपला विद्यार्थी उपदेशाने हलत नाही, गुणांनी हलतो. ज्याला गुण नाहीत तो विषय नाही. तेव्हा चिंतन शिबिरं, मूल्यशिक्षणाचे तास आणि टीमवर्कचे टी-शर्ट यांवरचा खर्च वाचवा आणि एवढंच करा.

अंतिम परीक्षेत एक टेलिमेडिसिनचा प्रश्न ठेवा. पाच शाखांचे पाच विद्यार्थी, एक रुग्ण, वीस मिनिटं आणि पाचांना मिळून एकच गुणपत्रिका. एक बुडाला की पाचही बुडाले. आणि आज एमबीबीएसच्या मुलाची परीक्षा डॉक्टरच घेतात, तिथे या एका प्रश्नापुरती परीक्षक म्हणून उपकेंद्रात पाच वर्षं काढलेली सीएचओ बसवा. तिला बाकी काही तपासायचं नाही. तिने फक्त सांगायचं: या मुलाने जे सांगितलं ते मला करता आलं का, आणि मी जे सांगितलं ते याने ऐकलं का. दोन्हीला दहा-दहा गुण. नापास करायचा पूर्ण अधिकार. रिचेकिंग नाही.

पहिल्या वर्षी निकालाची यादी लावायला भिंत पुरणार नाही. पालक मंत्र्यांकडे जातील, संघटना निवेदन देतील, कुणीतरी कोर्टातही जाईल. जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी बाजारात गाइड येईल, 'सिस्टर प्रश्नसंच, हमखास यश'. क्लासवाले जाहिराती करतील. आणि एमबीबीएसची पोरं नोट्स मागायला वही घेऊन नर्सिंग कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसतील. चहाचे पैसे अर्थातच पोरांनी द्यायचे.